पान उघडताच नवं मांजर: वर्डप्रेसचं पहिलं प्लगिन स्वतः लिहिण्यासाठी

पान उघडलं की एक मांजर दिसतं. पुन्हा उघडलं की दुसरं. एवढंच काम करणारं वर्डप्रेसचं प्लगिन आपल्याला लिहायचं आहे. नवशिक्यानं पहिलं प्लगिन म्हणून हेच लिहावं, असं माझं ठाम मत आहे. काम छोटं आणि आनंदाचं आहे. तरीही फाइलींची मांडणी, सुरक्षितता, कॅशे, दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून राहणं आणि मंद इंटरनेटवरचा वाचक, हे सगळे प्रश्न इथे भेटतात. पुढे मोठं प्लगिन लिहाल तेव्हाही प्रश्न हेच असतील.

सुरुवातीलाच एक गोष्ट पक्की करून घ्या. मांजरांची यादी जमवणं हे एक काम आणि त्या यादीतून एक मांजर निवडणं हे दुसरं. यादी आधीच, निवांतपणे, सर्व्हरवर जमवून ठेवायची. निवड मात्र अगदी शेवटच्या क्षणी, वाचकाच्या ब्राउझरमध्ये करायची. ही दोन कामं एकत्र केली की प्लगिन तुमच्या संगणकावर उत्तम चालतं आणि खऱ्या साइटवर अडतं. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच विभागणीवर उभ्या आहेत.

फंक्शनची नावं या लेखात देवनागरीत लिहिली आहेत. फाइलमध्ये ती इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत लिहायची. नावात खालची आडवी रेघ दिसेल तिथे अंडरस्कोअर द्यायचा.

तयारी

चालू साइटवर प्रयोग करू नका. संगणकावर एक्सॅम्प किंवा लोकल यांपैकी काहीतरी, म्हणजे संगणकालाच सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर, बसवून त्यात वर्डप्रेस टाका. तेवढंही नको असेल तर वर्डप्रेस प्लेग्राउंड थेट ब्राउझरमध्ये चालतं, काहीच बसवावं लागत नाही. लिहिण्यासाठी कोडचा एडिटर वापरा, वर्ड प्रोसेसर नको. वर्ड प्रोसेसर सरळ अवतरणचिन्हांची वळणदार चिन्हं करून टाकतो आणि प्लगिन ज्या भाषेत लिहायचं त्या पीएचपीला ती कळत नाहीत.

फाइल साठवताना एन्कोडिंग यूटीएफ-८ ठेवा, पण 'बीओएमसह' हा पर्याय निवडू नका. मराठी मजकूर असलेल्या फाइलींत ही चूक फार होते. बीओएम म्हणजे फाइलच्या सुरुवातीचे तीन अदृश्य बाइट. ते राहिले, तर प्लगिन सुरू करताना वर्डप्रेस सांगतं की ३ अक्षरांचा अनपेक्षित मजकूर बाहेर पडला. कोड कितीही तपासला तरी ती अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत. संदेशात नेमका ३ हा आकडा आला की आधी एन्कोडिंग बघा.

त्यानंतर साइटच्या 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' फाइलमध्ये 'डब्ल्यूपी_डीबग' आणि 'डब्ल्यूपी_डीबग_लॉग' हे दोन स्थिरांक, म्हणजे न बदलणाऱ्या किमतींची नावं, ट्रू करून ठेवा. स्थिरांकांची नावं मोठ्या अक्षरांत लिहायची. चुकांची नोंद 'डब्ल्यूपी-कंटेंट' फोल्डरमधल्या डीबग लॉगमध्ये होत राहील.

पायरी १: फोल्डर, फाइल आणि नाव

'डब्ल्यूपी-कंटेंट' मध्ये 'प्लगिन्स' नावाचा फोल्डर असतो. त्यात तुमच्या प्लगिनचा फोल्डर करा आणि आत त्याच नावाची पीएचपी फाइल. पीएचपीची सुरुवातीची खूण केल्यावर पहिली गोष्ट लिहायची ती कॉमेंट. तिच्यात 'प्लगिन नेम', मग कोलन, मग तुमच्या प्लगिनचं नाव. ही एकच ओळ सक्तीची आहे. नाव मराठीतही चालतं. आवृत्ती, वर्णन, लेखक आणि परवाना याच कॉमेंटमध्ये लिहावेत. वर्डप्रेस जीपीएल या मुक्त सॉफ्टवेअरच्या परवान्यावर चालतं, तेव्हा आपल्या प्लगिनलाही 'जीपीएल व्ही२ किंवा नंतरचा' हाच परवाना देणं सोयीचं.

कॉमेंटखाली एक पहारेकरी ओळ टाका: 'ॲबस्पाथ' हा स्थिरांक ठरलेला नसेल तर तिथेच बाहेर पडा. वर्डप्रेसला वगळून कोणी ही फाइल थेट उघडली, तर तिच्यातलं काही चालू नये यासाठी ती असते. फाइलच्या शेवटी पीएचपीची बंद करायची खूण देऊ नका. तिच्यानंतर एखादी रिकामी ओळ राहिली तरी पुढे त्रास होतो.

फंक्शनना नावं देताना प्रत्येकाच्या आधी स्वतःची खूण लावा, उदाहरणार्थ 'एमजेआर_'. एका साइटवर अनेक प्लगिन एकत्र नांदतात. दोघांनी एकाच नावाचं फंक्शन लिहिलं, तर पीएचपी तिथल्या तिथे थांबतं आणि साइट बंद पडते.

आता ॲडमिनमधल्या प्लगिन्सच्या पानावर जा. तुमचं प्लगिन यादीत दिसेल. ते ॲक्टिव्हेट करा. अजून ते काहीच करत नाही, पण यादीत येणं ही खरी सुरुवात आहे.

वर्डप्रेससोबत वर्षानुवर्षं येत असलेलं 'हॅलो डॉली' नावाचं छोटं प्लगिन या टप्प्यावर उघडून वाचा. ॲडमिनच्या कोपऱ्यात दर वेळी एक रँडम ओळ दाखवणं हे त्याचं काम. आपल्या मांजरांचं ते सगळ्यांत जवळचं भावंड आहे.

पायरी २: शॉर्टकोड

मांजर पानावर कुठे दिसायचं हे लेखकाला ठरवता यायला हवं. त्यासाठी शॉर्टकोड वापरू. शॉर्टकोड म्हणजे लेखात कंसात लिहायचा एक शब्द, पान दाखवताना त्याच्या जागी प्लगिननं दिलेला मजकूर येतो. ही सोय वर्डप्रेसमध्ये २००८ साली, २.५ या आवृत्तीत आली. आज ब्लॉकचा, म्हणजे एडिटरमध्ये तयार तुकडे जोडून पान बनवण्याचा, जमाना आहे हे खरं, पण ब्लॉक बनवायला जावास्क्रिप्टची बरीच तयारी लागते. शॉर्टकोड पीएचपीच्या मोजक्या ओळींत होतो आणि ब्लॉक एडिटरमध्येही त्याच्यासाठी वेगळा ब्लॉक आहे.

'ॲड_शॉर्टकोड' या फंक्शनला दोन गोष्टी द्यायच्या: शॉर्टकोडचं नाव आणि तो आला की चालवायच्या फंक्शनचं नाव. इथे एक छान सोय आहे. शॉर्टकोडचं नाव देवनागरीत देता येतं. लेखकानं चौकटी कंसात [मांजर] एवढं लिहिलं की झालं. लिहिताना शुद्धलेखन मात्र तंतोतंत जुळायला हवं. कोडमध्ये 'मांजर' आणि लेखात 'मान्जर' असेल, तर वर्डप्रेसच्या दृष्टीनं ते दोन वेगळे शब्द आहेत. शॉर्टकोडला जोडून द्यायच्या पर्यायांची नावं, म्हणजे रुंदी वगैरे, इंग्रजी लिपीतच ठेवावी लागतात. ती ओळखणारा वर्डप्रेसमधला कोड देवनागरी अक्षरं धरत नाही.

सुरुवातीला या फंक्शनमधून 'इथे मांजर येईल' एवढाच मजकूर परत पाठवा आणि एखाद्या पानावर शॉर्टकोड टाकून बघा. 'परत पाठवा' हे शब्द नीट लक्षात घ्या. इथे रिटर्न वापरायचं, एको नाही. एको वापरलं की मजकूर शॉर्टकोडच्या जागी न येता लेखाच्या वर कुठेतरी उमटतो. शॉर्टकोड शिकणारा जवळजवळ प्रत्येक जण या दगडाला अडखळतो.

पायरी ३: आपली दहा मांजरं

इंटरनेटवरून फोटो आणायची घाई करू नका. आधी दहा फोटो स्वतःचे घ्या, म्हणजे प्लगिन बिघडलं की दोष आपल्या कोडमध्येच आहे हे नक्की असतं. स्वतःचे फोटो नसतील तर विकिमीडिया कॉमन्सवर मांजरांचा खजिना आहे. तिथे प्रत्येक फोटोचा परवाना दिलेला असतो. 'सीसी०' असेल तर काही अट नाही. 'सीसी बाय' असेल तर छायाचित्रकाराचं नाव आणि परवाना दाखवावा लागतो. शोधयंत्रात सापडलेला कुठलाही फोटो उचलून लावणं हा पर्याय नव्हे. मांजर गोड असलं तरी फोटो कोणाचा तरी असतो.

मोबाइलवर काढलेल्या फोटोंबद्दल दोन सूचना. पहिली, फोटोच्या फाइलमध्ये ठिकाणाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. घरातल्या मांजराच्या फोटोत म्हणजे घराचा पत्ताच. अपलोड करण्याआधी ही माहिती काढून टाका, कारण मूळ फाइल सर्व्हरवर तशीच राहते. दुसरी सूचना वजनाची. ५.३ या आवृत्तीपासून वर्डप्रेस फार मोठे फोटो २५६० पिक्सेलपर्यंत लहान करतं, पण पानाच्या कडेला दिसणाऱ्या मांजरासाठी तेही खूप झालं. लेखात दाखवताना 'मीडियम' किंवा 'लार्ज' हा आकार मागायचा.

फोटो मीडिया लायब्ररीत टाका आणि प्रत्येकाला पर्यायी मजकूर लिहा. 'खिडकीत उन्हाला बसलेलं पांढरं मांजर' असं, जे दिसतं ते. स्क्रीन रीडर वापरणाऱ्या वाचकाला मांजर याच शब्दांतून भेटतं. ज्या वाक्यात रंग आणि बसण्याची तऱ्हा आहे, ते नुसत्या 'मांजर' पेक्षा कितीतरी चांगलं.

लायब्ररीत फोटोवर क्लिक केलं की ब्राउझरच्या पत्त्यात 'आयटम' या शब्दापुढे एक आकडा दिसतो. तो त्या फोटोचा ओळख क्रमांक. दहा क्रमांक कोडमध्ये एका ॲरेत, म्हणजे कोडमधल्या यादीत, लिहा. 'ॲरे_रँड' या ॲरेतली एक जागा निवडून देतं. इथे गफलत होते: ते जागा देतं, त्या जागेवरचा क्रमांक नाही. तो क्रमांक ॲरेतून काढून 'डब्ल्यूपी_गेट_अटॅचमेंट_इमेज' ला द्या. त्यातून रुंदी, उंची, पर्यायी मजकूर आणि वेगवेगळ्या पडद्यांसाठीचे आकार यांसह तयार टॅग मिळतो. तो रिटर्न करा. पान रिफ्रेश करा. मांजर बदलेल.

पुढे कधीतरी ॲरे न लिहिता लायब्ररीतून थेट फोटो शोधायचे असतील, तर 'डब्ल्यूपी_क्वेरी' ला पोस्टचा प्रकार 'अटॅचमेंट' आणि स्थिती 'इनहेरिट' सांगावी लागते. स्थिती न सांगितल्यास ती 'पब्लिश' झालेल्या गोष्टी शोधते आणि हाती काहीच लागत नाही.

पायरी ४: मांजर बदलत का नाही

तुमच्या संगणकावर मांजर बदलतं. खऱ्या साइटवर मात्र तेच एक मांजर दिवसभर बसून राहतं. कारण आहे पेज कॅशे. साइट वेगवान व्हावी म्हणून कॅशेचं प्लगिन किंवा होस्टिंग तयार झालेलं पान जसंच्या तसं साठवतं आणि पुढच्या प्रत्येक वाचकाला तीच प्रत देतं. तुमचं पीएचपी एकदाच चाललं, एकदाच मांजर निवडलं गेलं, आणि ते साऱ्या जगाला दिसू लागलं.

कॅशे बंद करा, हा सल्ला तुम्हाला मिळेल. तो ऐकू नका. एका मांजरासाठी अख्खी साइट मंद करणं योग्य नाही. उपाय सुरुवातीला सांगितलेलाच: निवड ब्राउझरमध्ये करा. पानासोबत पूर्ण यादी पाठवा. ती कॅशेत गेली तरी बिघडत नाही, कारण यादी सर्वांसाठी सारखीच आहे.

शॉर्टकोडच्या फंक्शनमध्ये आता टॅग बनवायचा नाही. प्रत्येक क्रमांकासाठी 'डब्ल्यूपी_गेट_अटॅचमेंट_इमेज_एसआरसी' मागून पत्ता, रुंदी आणि उंची घ्या, त्याला पर्यायी मजकूर जोडा आणि सगळ्याचं 'डब्ल्यूपी_जेसन_एन्कोड' नं जेसन, म्हणजे जावास्क्रिप्टला उलगडता येईल असा मजकूर, करा. एक रिकामी डिव्ह चौकट बनवा आणि तिच्या डेटा ॲट्रिब्यूटमध्ये हे जेसन ठेवा. ठेवताना 'ईएससी_ॲट्र' मधून गाळून घ्या. चौकटीत नोस्क्रिप्ट टॅगमध्ये एक ठरावीक मांजर ठेवा, म्हणजे जावास्क्रिप्ट बंद असलेल्या वाचकालाही रिकामी जागा दिसणार नाही.

जावास्क्रिप्टची फाइल वेगळी ठेवून 'डब्ल्यूपी_एनक्यू_स्क्रिप्ट' नं जोडा, आणि हे शॉर्टकोडच्या फंक्शनच्या आतच करा. तसं केल्यानं ज्या पानावर मांजर आहे तिथेच ती फाइल जाते. आवृत्तीच्या जागी फाइल बदलल्याची वेळ द्या. ती 'फाइलएमटाइम' नं मिळते. नाहीतर कोड सुधारूनही ब्राउझर जुनीच फाइल चालवत राहतो आणि तुम्ही नसलेली चूक शोधत बसता.

त्या जावास्क्रिप्टचं काम सरळ आहे. चौकटीतलं जेसन वाचायचं, मॅथ रँडमला यादीच्या लांबीनं गुणून अपूर्णांक सोडून द्यायचा, त्या जागेवरचं मांजर घ्यायचं, इमेज टॅग तयार करायचा, त्याला रुंदी, उंची आणि पर्यायी मजकूर द्यायचा आणि सर्वांत शेवटी फोटोचा पत्ता. मांजर पानाच्या खालच्या भागात असेल तर 'लोडिंग' ला 'लेझी' ही किंमत द्या, पण तीही पत्त्याच्या आधी. पत्ता मिळाला की ब्राउझर फोटो आणायला निघू शकतो.

चौकटीला सीएसएसमध्ये उंची-रुंदीचं प्रमाण ठरवून द्या. नाहीतर फोटो येताच खालचा मजकूर एकदम सरकतो आणि वाचकाची ओळ हरवते. उभे-आडवे फोटो एकाच चौकटीत बसवायला 'ऑब्जेक्ट-फिट' आहे. 'कव्हर' दिल्यास चौकट भरून जाते, पण उभ्या फोटोंत कान कापले जातात. मला कान प्रिय आहेत, म्हणून मी 'कंटेन' वापरण्याच्या बाजूची.

पायरी ५: तेच मांजर पुन्हा

आता मांजर बदलतं, तरी तक्रार येईल की 'रँडम नाहीये, तेच तेच दिसतं'. तक्रार करणाऱ्याचं खरं असतं आणि कोडही बरोबर असतो. दहा फोटो असतील तर लागोपाठ तेच मांजर येण्याची शक्यता दहात एक असते. पाच वेळा पान उघडलं तर त्यात निदान एक मांजर दोनदा दिसण्याची शक्यता सुमारे ७० टक्के. माणसाला हवा असतो तो बदल. निव्वळ योगायोग त्याला नको असतो.

म्हणून खेळायच्या पत्त्यांसारखं करायचं. सगळी मांजरं एकदा पिसून घ्यायची, वरून एकेक काढायचं, जोड संपला की पुन्हा पिसायचा. पिसण्यासाठी फिशर-येट्स ही पद्धत वापरा. रोनाल्ड फिशर आणि फ्रँक येट्स यांनी ती १९३८ साली कागदावर करण्यासाठी मांडली आणि रिचर्ड डर्स्टनफेल्ड यांनी १९६४ साली तिला संगणकाला सोयीचं रूप दिलं. यादीच्या शेवटापासून मागे यायचं. प्रत्येक जागेसाठी, ती जागा धरून तिच्या आधीच्या जागांपैकी एक रँडम निवडायची आणि दोन्हींची अदलाबदल करायची. सॉर्ट फंक्शनला रँडम उत्तर देऊन पिसण्याची एक युक्ती सर्रास दिसते. ती टाळा, तिच्यात सगळे क्रम सारख्या शक्यतेनं येत नाहीत.

पिसलेला क्रम ब्राउझरच्या लोकल स्टोरेजमध्ये ठेवा, म्हणजे वाचक दुसऱ्या दिवशी आला तरी त्याचा जोड पुढे चालू राहतो. नव्यानं पिसल्यावर पहिलं मांजर मघाशी दाखवलेलंच निघालं, तर त्याला शेवटी ढकला. काही ब्राउझर लोकल स्टोरेज वापरू देत नाहीत आणि तिथे एरर येतो. तो ट्राय-कॅचमध्ये धरा आणि साधी रँडम निवड करून पुढे जा.

'दुसरं मांजर' असं बटण द्यायचं असेल तर जरूर द्या. खऱ्या बटण टॅगचं द्या, म्हणजे कीबोर्डवरूनही दाबता येतं. दर काही सेकंदांनी आपोआप मांजर बदलण्याचा मोह मात्र आवरा. शेजारचा मजकूर वाचताना लक्ष विचलित होतं. आपोआप सुरू होऊन ५ सेकंदांहून जास्त काळ हलत राहणारी गोष्ट वाचकाला थांबवता आली पाहिजे, असं वेब सुलभतेचे डब्ल्यूसीएजी नियमही सांगतात.

पायरी ६: बाहेरची मांजरं

दहा फोटो कमी पडायला लागले की बाहेरच्या सेवेकडे वळू. 'कॅटास' नावाची सेवा आहे. तिचा एकच पत्ता इमेज टॅगमध्ये लिहिला की मांजर येतं. तेवढ्यावर समाधान असेल तर प्लगिनची गरजच नाही. पण फोटोची रुंदी-उंची आधी कळत नाही आणि ती सेवा बंद असेल त्या दिवशी तुमच्या पानावर तुटलेल्या फोटोची खूण राहते. म्हणून मी 'द कॅट एपीआय' सारखी, यादी देणारी सेवा पसंत करते. तिच्याकडे शोधाची विनंती पाठवली की जेसनमध्ये प्रत्येक फोटोचा ओळख क्रमांक, पत्ता, रुंदी आणि उंची येते. एका विनंतीत दहा फोटो मागता येतात. हलणाऱ्या जिफ नको असतील तर फक्त जेपीजी आणि पीएनजी मागता येतात. जिफ वजनदार असतात, तेव्हा नकोच म्हणा.

इथे बहुतेक धडे ट्रान्झियंट, म्हणजे वर्डप्रेसमधली ठरावीक मुदतीची साठवण, वापरायला शिकवतात: यादी तासभर साठवायची, मुदत संपली की पुढच्या वाचकाच्या वेळी नवी आणायची. मला ही रचना पटत नाही. मुदत संपल्यावर आलेल्या वाचकाला नवी यादी येईपर्यंत थांबावं लागतं. समोरची सेवा बंद असेल तर पानाची प्रत्येक नवी मागणी तिथे अडकते. 'डब्ल्यूपी_रिमोट_गेट' मुळात ५ सेकंद वाट बघतं. गर्दीच्या साइटवर ५ सेकंद अडकलेल्या विनंत्यांची रांग लागली, की मांजरांमुळे साइट कोसळते.

त्यापेक्षा यादी आणण्याचं काम वाचकाच्या वाटेतून पूर्ण बाजूला काढा. 'डब्ल्यूपी_शेड्यूल_इव्हेंट' ला 'ट्वाइसडेली' सांगितलं की वर्डप्रेस ते काम दिवसातून दोनदा करतं. हे वेळापत्रक घड्याळावर चालत नाही. साइटवर कोणी आलं की वर्डप्रेस बघतं, काही काम थकलंय का, आणि ते वेगळ्या विनंतीत उरकतं. आपल्याला एवढं पुरेसं आहे. प्लगिन ॲक्टिव्हेट होताना वेळापत्रक लावा, त्याआधी 'डब्ल्यूपी_नेक्स्ट_शेड्यूल्ड' नं ते आधीच लागलेलं नाही ना हे बघा, आणि प्लगिन बंद होताना 'डब्ल्यूपी_क्लिअर_शेड्यूल्ड_हुक' नं काढून टाका.

यादी आणणाऱ्या फंक्शनमध्ये तपासण्यांचा क्रम असा ठेवा. उत्तर म्हणजे वर्डप्रेसचा एरर नाही ना? स्टेटस कोड २०० आहे ना? ४२९ म्हणजे तुम्ही फार वेळा मागितलंत, ५०० म्हणजे त्यांच्याकडे बिघाड. (हे कोड पाठ करायचे असतील तर 'एचटीटीपी कॅट्स' नावाची साइट प्रत्येक कोडसाठी एक मांजर दाखवते. खरंच लक्षात राहतात.) जेसन उलगडल्यावर ॲरे मिळाला ना, आणि तो रिकामा नाही ना? प्रत्येक पत्ता 'एचटीटीपीएस' चा आहे ना? यातली एक जरी तपासणी फसली तर काहीही न बदलता परत फिरा. सगळं नीट असेल तरच पत्ता 'ईएससी_यूआरएल_रॉ' मधून, रुंदी-उंची 'ॲबसिंट' मधून गाळून 'अपडेट_ऑप्शन' नं डेटाबेसमधल्या ऑप्शनमध्ये साठवा. नवी यादी नीट हातात आल्याशिवाय जुनी पुसायची नाही. या एका नियमामुळे समोरची सेवा आठवडाभर बंद राहिली तरी तुमचं प्लगिन जुन्या यादीवर चालू राहतं. आणि ऑप्शन रिकामा असेल तर पायरी ३ मधली आपली दहा मांजरं आहेतच.

यादी ताजी असली तरी त्यातला एखादा फोटो मध्येच गायब होऊ शकतो. जावास्क्रिप्टमध्ये इमेजच्या 'एरर' घटनेवर पुढचं मांजर लावा, पण तीन प्रयत्नांनंतर थांबा. वाचकाचं इंटरनेटच गेलेलं असेल तर हे फेरे कधी संपणारच नाहीत.

सेवेची एपीआय की, म्हणजे तिनं तुम्हाला दिलेली गुप्त किल्ली, घेतली असेल तर ती जावास्क्रिप्टमध्ये कधीही लिहू नका, ती कोणीही वाचू शकतं. 'डब्ल्यूपी-कॉन्फिग' मध्ये स्थिरांक करून ठेवा आणि विनंतीच्या हेडरमधून पाठवा. आणखी एक जबाबदारी: फोटो दुसऱ्याच्या सर्व्हरवरून येतो तेव्हा वाचकाचा आयपी पत्ता त्या सर्व्हरला कळतो. साइटच्या गोपनीयता धोरणात त्या सेवेचं नाव लिहा.

काही बिघडलं तर

पानावर मांजराऐवजी कंसासकट शॉर्टकोडच दिसत असेल, तर प्लगिन बंद आहे किंवा नावाचं शुद्धलेखन जुळत नाही. चौकट आहे पण रिकामी, तर ब्राउझरचं कन्सोल उघडा. बहुतेक वेळा डेटा ॲट्रिब्यूटमधलं जेसन अवतरणचिन्हापाशी तुटलेलं असतं, म्हणजे 'ईएससी_ॲट्र' राहिलं. साइटच उघडेनाशी झाली तर घाबरू नका. ५.२ या आवृत्तीपासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनला ईमेल पाठवतं आणि त्यातल्या दुव्यावरून प्लगिन थांबवता येतं. ईमेल आलाच नाही तर एफटीपीनं किंवा होस्टिंगच्या फाइल मॅनेजरमधून प्लगिनच्या फोल्डरचं नाव बदला. वर्डप्रेसला प्लगिन सापडत नाही, ते बंद होतं आणि साइट परत येते. मग डीबग लॉगची शेवटची ओळ वाचा, फाइल आणि ओळ क्रमांक तिथे लिहिलेला असतो.

दुसऱ्याला देण्याआधी

प्लगिनच्या फोल्डरमध्ये 'अनइन्स्टॉल' नावाची पीएचपी फाइल ठेवा. सुरुवातीला 'डब्ल्यूपी_अनइन्स्टॉल_प्लगिन' हा स्थिरांक आहे का ते तपासा, मग 'डिलीट_ऑप्शन' नं साठवलेली यादी पुसा. प्लगिन काढल्यावर डेटाबेसमध्ये आपला कचरा राहू नये. वर्डप्रेसच्या अधिकृत प्लगिन संग्रहात द्यायचं ठरवलंत तर 'रीडमी' फाइलमध्ये बाहेरची कोणती सेवा वापरली आहे, तिच्याकडे काय माहिती जाते आणि तिच्या अटी कुठे आहेत हे स्पष्ट लिहावं लागतं. सोबत दिलेले फोटोही जीपीएलला चालतील अशाच परवान्याचे हवेत.

मित्राला नुसती झिप द्यायची असेल तर आतल्या फाइली निवडून झिप करू नका. अख्खा फोल्डर झिप करा. एकदा स्वतःच कोऱ्या वर्डप्रेसवर ती झिप चढवून बघा, तिथे तुमच्या लायब्ररीतले दहा क्रमांक सापडणार नाहीत. म्हणून वाटायच्या प्रतीत राखीव मांजरांचे फोटो प्लगिनच्याच फोल्डरमध्ये ठेवा आणि त्यांचे पत्ते 'प्लगिन्स_यूआरएल' नं तयार करा.